बटण दाबून बोला

आमच्या घरात आईबाबांचं बोलणं कुत्र्यामार्फत चालायचं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण बाहेरच्या माणसाला ते उशिरा कळतं आणि मग तो माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतो. मला ते अजिबात चालत नाही.

पद्धत अशी होती. आई स्वयंपाकघरातून म्हणते, "निरोप्या, तुझ्या साहेबांना सांग, ताट वाढलंय." निरोप्या म्हणजे कुत्रा. बुटका, लांब कानांचा, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं. तो उठतो, फरशीवर नखं वाजवत बाहेरच्या खोलीत जातो आणि बाबांच्या खुर्चीपाशी उभा राहतो. बाबांनी तो निरोप स्वतःच्या कानांनी ऐकलेलाच असतो. घर ते केवढं, आणि आईचा आवाज केवढा. पण कुत्रा येऊन पोचल्याशिवाय ते ढिम्म हलत नाहीत. पोचला की म्हणतात, "तुझ्या बाईसाहेबांना सांग, भूक नाही." निरोप्या परत आत. "साहेबांना सांग, दिवसभर डबे उघडून खात बसलं की भूक लागणार कुठून." निरोप्या पुन्हा बाहेर. अशी त्याची नोकरी, आणि ती त्याने इमानाने केली.

याचं मूळ बाबांच्या नोकरीत आहे. ते बस आगारात उद्घोषक होते. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे" हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्या वेळा म्हटलंय की घरी मीठ मागतानाही आधी घसा खाकरतात. त्यांच्या टेबलावर माईक होता आणि माईकला बटण होतं. दाबलं की अख्खं आगार ऐकणार, सोडलं की आपलं आपल्यात. एक दिवस ते बटण दाबल्यावर वर आलंच नाही. बाबांना पत्ता नाही. ते शेजारी बसलेल्या तिकीटवाल्याला रंगवून सांगत होते, "आमच्या हिचं घोरणं म्हणजे पहाटेची लांब पल्ल्याची गाडी. मी झोपेत फलाट क्रमांक सांगून मोकळा होतो." आगारभर हशा पिकला. तिकीटवाल्याने खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाला, "अहो, त्या बघा, बाकावर वहिनीच बसल्यात." तेही माईकवरून.

बाबा डबा विसरले होते, तो द्यायला आई आली होती. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. तिने डबा बाकावर ठेवला, पदर सारखा केला आणि घरी आली. दोघांची मिळून असलेली खोली तिने त्याच दिवशी सोडली आणि माझ्या खोलीत गादी टाकली. बाबांशी बोलणं बंद.

माफी मागितली असती तर आठवड्यात मिटलं असतं. पण बाबांचं म्हणणं असं, की चूक बटणाची. "मी जे बोललो ते खाजगीत बोललो. सार्वजनिक केलं यंत्राने. माफी मागायची तर यंत्राने मागावी." हे तर्कशास्त्र ते मान ताठ करून सांगायचे. पोरीने तोंडावर हसून दाखवलं तरी फरक पडायचा नाही.

सुरुवातीला निरोप मीच पोचवत होते. पण मी धुलाईयंत्रांच्या एका कंपनीत तक्रारींचे फोन घेते. दिवसभर लोक माझ्यावर तोंडसुख घेतात आणि मी "आपली गैरसोय झाली, क्षमस्व" म्हणते. घरी येऊन तोच धंदा फुकटात करायचा म्हणजे अती झालं. मी एक दिवस हात जोडले आणि राजीनामा दिला. कुत्रा तेव्हा तरुण होता, रिकामा होता आणि त्याला कुणी विचारलं नाही. आधीचं त्याचं चांगलं ऐटबाज नाव होतं. ते आता कुणाच्या लक्षातही नाही.

तर हा निरोप्या म्हातारा झाला. जनावरांच्या डॉक्टरबाईंनी मागेच त्याच्या छातीला नळी लावून सांगितलं होतं, की हृदयातली एक झडप जाड होऊन नीट मिटत नाही, रक्त उलटं गळतंय. बाबांना हे लगेच कळलं, कारण बसचे व्हॉल्व्हही गळतात. गोळ्या सुरू झाल्या, तो ठीक होता. आणि मग तो पडायला लागला. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधोमध, नखं वाजता वाजता एकदम थांबायची आणि थप्प असा आवाज यायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा आईचा निरोप घेऊन निघाला होता. बाबा खुर्चीतूनच ओरडले, "पुढे काय?" निरोप अर्धा पोचला असं त्यांना वाटलं. मी धावले तर तो कुशीवर पडलेला, हिरड्या पांढऱ्या, डोळे उघडे. जरा वेळाने उठला, अंग झाडलं आणि नोकर माणसासारखा ओशाळून बाबांच्या खुर्चीपाशी जाऊन उभा राहिला. मी या घरात कुणाला निमूटपणे जीव लावला असेल तर तो या कुत्र्याला.

डॉक्टरबाई तरुण आहेत आणि कमी बोलतात. त्यांनी समजावलं. झडप गळते म्हणून हृदयाचा वरचा कप्पा ताणून मोठा झालाय. ताणलेल्या जागी ठोक्यांची लय बिघडू शकते. आता प्रश्न असा, की पडतो तेव्हा हृदय सुसाट पळतं, की थांबतं. "पळत असेल तर त्याला आवर घालायचं औषध आहे. पण थांबत असेल आणि मी तेच औषध दिलं, तर तो पुन्हा उठणार नाही. त्यामुळे अंदाजाने मी काही देणार नाही. मला तो झटका पकडायला हवा."

मग त्यांनी निरोप्याच्या छातीवरचे केस थोडे भादरले, तारा चिकटवल्या आणि वरून जाकीट चढवलं. पाठीवर खिसा, खिशात डबी, डबीवर बटण. "उद्या या वेळेपर्यंत हे अंगावर राहू द्या. सगळं रेकॉर्ड होईल. तो पडला किंवा काही वेगळं वाटलं, की बटण दाबायचं, म्हणजे तिथे खूण पडेल. आणि घरात रोज असतं तसंच असू द्या."

"रोज असतं तसंच?" मी विचारलं.

"का?"

"काही नाही."

घरी आल्यावर बाबांनी चष्मा लावून डबीची पाहणी केली. सगळीकडून बघितली आणि सरळ होऊन म्हणाले, "माईक आहे."

"बाबा, ते ठोके मोजतं."

"रेकॉर्ड होणार म्हणाली ना ती? बटण आहे ना? मला माईक शिकवू नकोस. छातीच्या आतलं ऐकणाऱ्या यंत्राला बाहेरचं ऐकू येणार नाही होय? उद्या ती बाई हे सगळं लावून ऐकणार. तिच्या मदतनिसासकट."

स्वयंपाकघरातून आवाज आला. "निरोप्या, साहेबांना सांग, जन्मात पहिल्यांदा पटण्यासारखं बोलले." आणि लगेच आईने तोंडावर हात ठेवल्याचं मला दिसलं. हेही आत गेलं की काय, या भीतीने.

तिथून जे सुरू झालं ते आठवून माझं अजून डोकं फिरतं.

"अहो," आई म्हणाली.

मी भिंतीला टेकले. ते 'अहो' इतकी वर्षं न वापरल्यामुळे जरा वरच्या पट्टीत निघालं. "अहो, चहा घेता का?"

बाबा खुर्चीतून उठले, कुत्र्याजवळ गेले, वाकले, पाठीवरचं बटण दाबलं आणि घसा खाकरून म्हणाले, "अवश्य. तुझ्या हातचा चहा म्हणजे काही विचारू नये." बटण सोडलं. "इतका पातळ असतो," हे वाक्य त्यांनी बटण सोडल्यानंतर, माझ्याकडे बघून म्हटलं.

म्हणजे त्यांची व्यवस्था अशी होती. गोड बोलायचं असलं की बटण दाबून, खरं बोलायचं असलं की सोडून. आईचा मात्र बटणांवरचा विश्वास पूर्वीच उडालेला, त्यामुळे ती सरसकट गोड बोलत होती. भाजी चिरताना गोड, भांडं पडलं तरी गोड. "पडलं वाटतं भांडं. असू दे हं." शेजारच्या काकू वाटी परत द्यायला आल्या, दारातच जरा वेळ ऐकत उभ्या राहिल्या आणि मला हळूच विचारलं, घरात कुणी आजारी आहे का. म्हटलं, आहे.

निरोप्याची पंचाईत झाली. आईचा आवाज आला की तो उठून उभा राहायचा, निरोपाची वाट बघायचा. निरोप यायचाच नाही. तेवढ्यात बाबा "आलो हं" म्हणत स्वतःच्या पायांनी त्याच्या शेजारून आत जायचे. तो दारात उभा राहून एकदा आत बघायचा, एकदा बाहेर. शेवटी टेबलाखाली जाऊन पडला. मालक बदलले असं त्याला वाटलं असावं.

मला हसू यायला हवं होतं, पण मला रडू येत होतं. कुत्रा दिवसभर असाच निवांत पडून राहिला, तर यंत्रावर निवांत ठोके उमटणार. झटका पकडलाच जाणार नाही, डॉक्टरबाई औषध देणार नाहीत, आणि हे दोघं पुन्हा रोजचे झाले की तो एक दिवस मधल्या वाटेत पडेल आणि उठणार नाही. मी दोघांना समोर बसवून हे नीट समजावलं. तक्रारीच्या फोनवर समजावते त्याहून शांतपणे समजावलं.

"बरं हं बाळ," आई डबीकडे बघत म्हणाली. मी बाळ होते तेव्हाही मला या घरात कुणी बाळ म्हटलं नव्हतं.

मग मी भांडण लावायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आईला जाऊन सांगितलं, "बाबा म्हणाले भाजी पाणचट झालीय." एरवी एवढ्यावर आमच्याकडे दुपारपर्यंत निरोप्याला उसंत मिळाली नसती. आई म्हणाली, "त्यांची जीभ पहिल्यापासून चोखंदळ आहे." बाबांना सांगितलं, "आई म्हणते तुमचा सदरा कळकट आहे." बाबांनी जाऊन बटण दाबलं आणि "तिचं लक्ष असतं माझ्याकडे" असं जाहीर केलं. सगळं शहर ज्या पोरीच्या कानात भांडतं, तिला स्वतःच्या घरात साधं भांडण लावता येईना. मी खोलीत जाऊन दार ओढून घेतलं. डॉक्टरबाईंकडे जायची वेळ संध्याकाळची होती आणि निरोप्या टेबलाखाली मुटकुळं करून झोपला होता.

दुपारी आईने टेबलाखालच्या दिशेने जाहीर केलं, "मी गच्चीवरून कपडे घेऊन येते हं." जिन्यावर तिच्या चपला वाजल्या. बाबा जरा थांबले. मग मला त्यांचा घसा खाकरल्याचा आवाज आला. नेहमीपेक्षा जास्त वेळ खाकरत होते. मी दार किलकिलं करून बघितलं.

बाबा गुडघे धरत फरशीवर बसले होते. त्यांचा उजवा गुडघा वाकत नाही, तोही वाकवला होता. निरोप्याला टेबलाखालून बाहेर घेऊन त्यांनी समोर उभं केलं, बटणावर अंगठा ठेवला आणि तोंड त्याच्या पाठीशी नेलं. त्यांच्या मते ते कुजबुजत होते. बाबांची कुजबुज दोन फलाट ओलांडते.

"एक महत्त्वाची घोषणा. आगाराच्या माईकवरून पूर्वी झालेल्या एका घोषणेमुळे प्रवाशांची, म्हणजे एका प्रवाशाची, जी गैरसोय झाली, त्याबद्दल उद्घोषक दिलगीर आहे." बटण सोडलं. श्वास घेतला. माझ्या लक्षात आलं काय चाललंय. हा माणूस आपल्या शब्दाला जागत होता. डॉक्टरबाई आज हे सगळ्यांसमोर लावणार, आई ऐकणार, आणि माफी यंत्राने मागितलेली असणार. मला इतका संताप आला की दार उघडून बाहेर जाणार होते. तेवढ्यात त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

"तू फार घोरत नाहीस," ते म्हणाले. हा घोषणेचा आवाज नव्हता. "घोरलीस तरी मला त्यात झोप लागायची. हल्ली लागत नाही."

निरोप्या त्यांच्या तोंडाकडे बघत होता. बाबा त्याच्याशी इतक्या जवळून कधी बोलले नव्हते. त्याच्या पाठीवरचं जाकीट भराभरा हलायला लागलं, पुढचे पाय फाकले आणि तो बाबांच्या मांडीवर कोसळला. बाबांचा अंगठा बटणावर तसाच दाबलेला राहिला.

मी खोलीतून धावले तर आई माझ्या आधी तिथे. हातात कपडा एकही नाही. "अहो, मान धरा त्याची. मान वर धरा, तोंड मोकळं राहू द्या. बघत काय बसलात." यात गोडवा औषधालाही नव्हता. बाबांनी मान धरली. आम्ही तिघं फरशीवर, मधे तो पांढऱ्या हिरड्यांचा जीव. आई त्याच्या कानामागे चोळत "ये रे, ये" म्हणत राहिली. शेवटी त्याने लांब श्वास घेतला, डोळे हलवले आणि उठायची धडपड करायला लागला. बहुधा निरोप पोचवायचा राहिला होता.

संध्याकाळी बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला. दवाखान्यात बाहेरच्या बाकांवर माणसं मांजरांच्या टोपल्या मांडीवर घेऊन बसली होती. गरम होत होतं म्हणून आतल्या खोलीचं दार उघडंच ठेवलेलं. डॉक्टरबाईंनी डबी काढून संगणकाला जोडली. पडद्यावर रेषा धावायला लागल्या. बाबा हनुवटी वर करून, हाताची घडी घालून बसले. बराच वेळ काही ऐकू येईना, तेव्हा म्हणाले, "आवाज जरा वाढवा."

"कसला आवाज?"

"रेकॉर्डिंगचा."

"यात आवाज नसतो काका. फक्त ठोके."

बाबांच्या हाताची घडी सुटली. आदल्या दिवसापासून मी ज्या क्षणाची वाट बघत होते तो हाच. 'मी सांगत होते' हे तीन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. त्यांचा चेहरा बघून मी ते गिळले.

डॉक्टरबाई खुणांपाशी जात होत्या. "बटण बरेचदा दाबलंय. इथे काय झालं होतं?"

"चहा," मी म्हटलं.

"आणि इथे?"

"सदऱ्याचं कौतुक."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढे गेल्या. "ही दुपारची खूण." त्या खुर्ची ओढून पडद्याच्या जवळ सरकल्या. रेषेवर ठोके आधी सारख्या अंतराने होते. मग मधेच एक आगंतुक. मग दोन. आणि मग एकदम अशी गर्दी, की लहान पोराने पेन्सिल गिरगटावी. "सापडलं. हृदय थांबत नाहीये, सुसाट पळतंय. इतकं, की भरायलाच वेळ मिळत नाही, म्हणून रक्त डोक्यापर्यंत पोचत नाही आणि तो पडतो. याला औषध देता येईल. झडप काही बरी होणार नाही, ते मी आधीच सांगते. पण ठोके आवरता येतील."

"या वेळी काय चाललं होतं घरात?" त्यांनी विचारलं. "कशाने इतका बिथरला?"

आई भिंतीवरचं जंतांचं चित्र बघत होती. बाबांनी घसा खाकरला, पुन्हा खाकरला. मग खाली वाकून म्हणाले, "निरोप्या, तुझ्या बाईसाहेबांना सांग..."

निरोप्या उठला. पाय लटपटत होते, तरी उठला आणि आईच्या दिशेने निघाला. डॉक्टरबाईंनी पटकन त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला खाली बसवलं. "उठवू नका त्याला. काही दिवस याला कसलंही काम सांगायचं नाही. तुमचं जे असेल ते तुम्ही बोला."

बाबा तसेच वाकलेले राहिले.

"काही सांगायचं नाही," आई चित्राकडे बघतच म्हणाली. "ऐकलंय मी. जिन्यात होते. खालच्या मजल्यावरच्यांनीही ऐकलं असेल."

बाबा सरळ झाले. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही यंत्राशी बोलत होता. मी मधे कशाला बोलू? माझ्याशी बोलला असतात तर उत्तर दिलं असतं."

बाहेरच्या बाकांवरची माणसं उघड्या दाराकडे बघत होती. एक मांजर तेवढं ओरडत होतं. बाबांचा अंगठा टेबलाच्या कडेवर दाबला गेला. तिथे बटण नव्हतं, हे त्यांना माहीत होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

"काय म्हणालात?" डॉक्टरबाईंनी विचारलं. बाबांचं बोलणं समोरच्याला ऐकू न येण्याची ही पहिली वेळ असेल.

"मला ऐकू आलं," आई म्हणाली. तिने निरोप्याला उचलून कडेवर घेतलं आणि गोळ्या किती वेळा द्यायच्या ते विचारलं.

यावरून आमच्या घरी साखर पेरली गेली असं कुणी समजू नये. आता ते थेट भांडतात, आणि मधे नखं वाजत जायची उसंत होती तीही गेल्यामुळे जोरात भांडतात. माझ्या खोलीतली गादी मात्र उचलली गेली आहे. निरोप्याची सवय सुटलेली नाही. "अहो, ताट वाढलंय" अशी हाक आली की तो कान उचलतो आणि पुढचे पाय टेकून उठायला बघतो. त्याला उठू द्यायचं नाही, म्हणून बाबा त्याच्या आधी उठतात. न वाकणारा गुडघा घेऊन, हातातलं टाकून, अक्षरशः पळत आत जातात. आईला हे कळलंय, त्यामुळे ती हल्ली वाटेल त्या क्षुल्लक कामाला हाक मारते. निरोप्या बाबांना जाताना बघतो, पाय परत पोटाखाली घेतो आणि झोपतो.